घाटात गाडी ओढत नाही? आधी पत्रा खाली ठेवा

कसाऱ्याहून विहीगावमार्गे खोडाळा आणि पुढे सूर्यमाळ, किंवा विक्रमगडहून जव्हार. या रस्त्यांवर डिझेल जीप चालवणारा गॅरेजमध्ये जाऊन "चढणीला गाडी ओढत नाही" म्हणाला, की बॉनेट उघडायच्या आधीच उत्तर तयार असतं: "ईजीआर ब्लॉक मारून टाका." व्हॉल्व्ह आणि पाइपच्या फ्लँजमध्ये कापलेल्या पत्र्याचा तुकडा सरकवायचा, दोन नट आवळायचे, झालं. धूर जास्त, ईजीआर. ॲव्हरेज कमी, ईजीआर. सकाळी गाडी उशिरा चालू झाली, तरी ईजीआर. एवढे सगळे आजार एका व्हॉल्व्हच्या माथी मारल्यावर तपासणी करायची गरजच कुठे उरते?

ईजीआर, म्हणजे एक्झॉस्ट गॅस रीसर्क्युलेशन, करतं काय ते आधी पाहू. सायलेन्सरकडे निघालेल्या जळक्या वायूचा काही भाग वळवून, बहुतेक गाड्यांत कूलरमधून थंड करून, ताज्या हवेबरोबर पुन्हा सिलिंडरमध्ये सोडला जातो. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. तो एरवी कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण ज्वाला साधारण १,५०० अंश सेल्सिअसच्या पुढे गेली की तो ऑक्सिजनशी जुळतो आणि नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात, छाती भरवणारे. जळका वायू पुन्हा जळत नाही, नुसती उष्णता शोषून घेतो. त्यामुळे ज्वालेचं तापमान उतरतं. "इंजिनाला स्वतःचाच धूर पाजायचा" हे ऐकायला विचित्र वाटतं, आणि गैरसमजाचं मूळ बहुधा तिथेच आहे. जुन्या मेकॅनिकी पंपाच्या बहुतेक जीपना हा व्हॉल्व्ह नव्हता, त्यामुळे "पूर्वी कुठे लागायचं हे?" असंही वर ऐकायला मिळतं. पूर्वी उत्सर्जनाची मर्यादाही अशी नव्हती. बीएस-४ डिझेल कारला किलोमीटरमागे ०.२५ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ मध्ये ती ०.०८ वर आली.

आता मुख्य मुद्दा. ईजीआरमुळे घाटात पिकअप मरतो, हे म्हणणं व्हॉल्व्ह धड असेल तर साफ चूक आहे. कारण घाटात तो बंद असतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला, इंजिनावर पूर्ण लोड आला, की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, व्हॉल्व्ह मिटून घेतो. त्या वेळी इंजिनाला मिळेल तेवढा ऑक्सिजन हवा असतो, जळका वायू नको असतो. ईजीआरचं खरं काम हलक्या लोडवर चालतं, म्हणजे मोखाड्याच्या बाजूला सपाट रस्त्यावर मजेत चालताना. खोडाळ्याच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये, वर माणसं आणि टपावर सामान असताना नाही. जो व्हॉल्व्ह आधीच बंद आहे, त्याच्यापुढे पत्रा लावून ताकद येणार कुठून?

"पण आमच्या गाडीला फरक पडला!" हे मात्र खोटं नाही. फरक पडला, कारण व्हॉल्व्ह उघडा अडकला होता. एक्झॉस्टमधली काजळी आणि क्रँककेसमधून येणारी तेलाची वाफ एकत्र आली की डांबरासारखा चिकट थर बसतो. इंजिन चालू ठेवून तासन् तास पॅसेंजरची वाट बघणाऱ्या जीपमध्ये तो लवकर साचतो. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि चढावरही जळका वायू आत येत राहतो. डिझेल भरपूर, हवा तोकडी. फुंकणी न मारता चुलीत लाकडं कोंबल्यावर होतो तसा काळा धूर. इथे पत्रा मारला की गाडी उचलते खरी. पण व्हॉल्व्ह काढून, क्लीनरने धुऊन, नवं गॅस्केट घालून बसवला असता तरी तेवढीच उचलली असती. पत्र्याने दुरुस्ती केली नाही, बिघाड झाकला.

आणि व्हॉल्व्ह उघडा अडकलेला नसेल तर? मग पत्र्याने काहीच होत नाही, खरं कारण तसंच राहतं आणि गिऱ्हाईक पुढच्या महिन्यात परत येतं. काळा धूर आणि मेलेला पिकअप ही लक्षणं आणखी चार जागी जुळतात. उन्हाळ्यात या रस्त्यांवरची लाल धूळ एअर फिल्टर गच्च करते. तो काढून उन्हाकडे धरून बघायला काही खर्च नाही. टर्बोपासून इंटरकूलरकडे जाणारा रबरी होज चिरला किंवा क्लॅम्प सैल झाला, तर दाबलेली हवा बाहेर पळते. तिथे बोट फिरवलं की तेलाचा ओला काळपट डाग आणि त्यावर चिकटलेली धूळ हाताला लागते, आणि जोर दिल्यावर "फुस्स" असा आवाज येतो. हवा मोजणारा मॅफ सेन्सर मळला असेल किंवा इंजेक्टर ठिबकत असेल, तरी गाडी अशीच वागते. "उंचावर हवा विरळ असते" हेही कारण सांगतात. जव्हार सुमारे ४५० मीटरवर आहे, तिथे हवा चार-पाच टक्क्यांनी विरळ होते, आणि टर्बोची गाडी तेवढं सहज भरून काढते.

व्हॉल्व्हचाच संशय असेल तर तो फेडायला वेळ लागत नाही. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा, स्कॅनर लावा आणि ईजीआर उघडायची आज्ञा द्या. व्हॉल्व्ह खरोखर उघडला तर मॅफचा आकडा खाली येतो, कारण जळक्या वायूने ताज्या हवेची जागा घेतलेली असते. बंद करताच आकडा परत वर चढला पाहिजे. आकडा हलतच नसेल तर व्हॉल्व्ह किंवा वाट बंद आहे. कायम खालीच राहत असेल तर व्हॉल्व्ह उघडा अडकल्याचा संशय पक्का होतो, फक्त मॅफ स्वतः ठीक आहे ना तेवढं पाहून घ्या. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या जुन्या व्हॉल्व्हला हातपंपाने व्हॅक्यूम देऊन तो धरून ठेवतो का तेही बघता येतं; डायफ्राम फाटला असेल तर काटा लगेच खाली उतरतो.

स्कॅनरचा कोड म्हणजे निकाल, हा याच गैरसमजाचा धाकटा भाऊ. पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून वायू कमी वाहतो आहे, पी०४०२ म्हणजे जास्त. व्हॉल्व्ह बदला, असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. पी०४०१ काजळीने बुजलेल्या पाइपमुळे येतो, फाटक्या व्हॅक्यूम नळीमुळे येतो, आणि बसवलेल्या पत्र्यामुळे तर हमखास येतो. कोड पुसून नवा व्हॉल्व्ह बसवायचा आणि आठवड्याने तोच दिवा पुन्हा, हा खर्च गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो.

"पीयूसी मिळाली म्हणजे गाडी स्वच्छ" हेही लोक ठामपणे सांगतात. डिझेलच्या पीयूसीत गाडी उभी ठेवून, न्यूट्रलमध्ये रेझ करून, धुराचा फक्त दाटपणा मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत. उलट ईजीआर बंद केल्यावर काजळी थोडी कमीच होते, त्यामुळे पत्रा मारलेली गाडी तिथे आरामात पास होते. कायद्याला मात्र हे चालत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या रचनेत असा फेरफार करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. "एवढ्याशा गोष्टीचं कोण बघतं" म्हणणाऱ्यांनी २०१५ आठवावं. चाचणीत स्वच्छ आणि रस्त्यावर मोकाट नायट्रोजन ऑक्साइड, या एका कारणावरून फोक्सवॅगनचा घोटाळा जगभर गाजला, आणि पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेने केलेल्या चाचण्यांनंतर कंपनीला भारतातल्या सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या दुरुस्तीसाठी बोलवाव्या लागल्या.

बाकीचे गैरसमज झटपट. पेट्रोल गाडीला ईजीआर नसतो: अनेकांना असतो, मारुतीच्या नव्या ड्युअलजेट इंजिनालाही आहे. बीएस-६ गाडीत पत्रा खपून जातो: नाही, ईसीयूला ते कळतं, चेक लाइट लागतो आणि काही गाड्या ताकद आवळून घेतात. पांढरा धूर म्हणजे व्हॉल्व्ह गेला: गरम इंजिनातून पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल आणि गळती न दिसता कूलंट कमी होत असेल, तर हेड गॅस्केटबरोबर ईजीआर कूलरही तपासा. ते अंगावर काढू नका. २०१८ मध्ये दक्षिण कोरियात बीएमडब्ल्यूच्या डिझेल गाड्यांना लागलेल्या आगींचं कारण म्हणून गळका ईजीआर कूलरच पुढे आला होता.

आणि जुनी जीप विकत घेताना ईजीआर पाइपच्या फ्लँजवर बॅटरी मारून बघा. दोन फ्लँजच्या मध्ये गॅस्केटहून जाड, हाताने कापलेल्या पत्र्याची कड दिसली, तर पत्रा काढून व्हॉल्व्ह साफ करण्याचा किंवा बदलण्याचा खर्च सौद्यातून आधी वजा करून घ्या.