प्रथिन कायनेज-ए : नियामक उपएकक

एटीपीमधील फॉस्फेट गट प्रथिनांना जोडणाऱ्या एंझाइमांना प्रथिन कायनेजे म्हणतात. त्यांपैकी चक्रीय एएमपीवर अवलंबून असणारे प्रथिन कायनेज-ए हे एडविन क्रेब्ज व त्यांचे सहकारी यांनी १९६८ मध्ये शोधून काढले. त्याच्या रेणूत दोन नियामक व दोन उत्प्रेरक उपएकके असतात. नियामक उपएककाचा एक भाग उत्प्रेरक उपएककाच्या क्रियाशील स्थानी बसून त्याची क्रिया रोखतो. हॉर्मोनाच्या प्रेरणेने कोशिकेतील चक्रीय एएमपी वाढले म्हणजे त्याचे दोन रेणू प्रत्येक नियामक उपएककाशी बद्ध होतात व हा अवरोध दूर होतो. मानवात नियामक उपएककाचे चार प्रकार असून त्यांपैकी एकाच्या जनुकातील उत्परिवर्तनांमुळे कार्नी विकृती हा अर्बुदे उत्पन्न करणारा आनुवंशिक रोग होतो, असे २००० मध्ये आढळून आले.

संशोधनासाठी मानवी जनुक एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूत घालून हे प्रथिन तयार करतात. तथापि जीवाणू स्वतःच चक्रीय एएमपी निर्माण करीत असल्याने शुद्ध केलेल्या प्रथिनाशी ते घट्ट बद्ध राहते. यूरियाच्या संहत विद्रावात प्रथिनाची घडी उलगडून ते काढून टाकतात; नंतर यूरिया दूर केल्यावर घडी पूर्ववत होते. ही दक्षता न घेतल्यास बंधनक्षमतेची मापने विश्वसनीय ठरत नाहीत.