कैची आधी, वही मागाहून

फॅशनच्या धंद्यात नव्याने येणाऱ्यांसाठी आढावा लिहा, असे संपादकांनी सांगितले. मी तो पुण्यातल्या येरवड्यातून लिहिणार आहे. शिवण शिकवण्यात माझे आयुष्य इथेच गेले, आणि या धंद्यात पहिले पाऊल कुठे टाकावे हे मला इथल्या गल्ल्यांनीच शिकवले.

येरवडा म्हटले की लोकांना तुरुंग आठवतो, मनोरुग्णालय आठवते. कापड कोणाला आठवत नाही, याचे मला फार वाईट वाटते. मिठाच्या सत्याग्रहानंतर, मे १९३० मध्ये गांधीजींना इथे आणून ठेवले. पेटीत मावणारा, कुठेही नेता येणारा चरखा ‘येरवडा चक्र’ म्हणून ओळखला जातो तो गांधीजींच्या इथल्या वास्तव्यामुळे. एक मोठे चाक, एक लहान, दोन्ही आडवी बसवलेली. झाकण लावले की पेटी उचलून चालू पडावे. तुरुंगापासून जवळच टेकडीवर प्रेमलीला ठाकरसींचा ‘पर्णकुटी’ बंगला. त्यांचे यजमान विठ्ठलदास गिरणीमालक. त्यांच्या पंधरा लाखांच्या देणगीमुळे कर्व्यांच्या महिला विद्यापीठाला विठ्ठलदासांच्या आईचे, नाथीबाईंचे, नाव लागले. १९५१ मध्ये त्या विद्यापीठाला कायद्याची मान्यता मिळाली तेव्हा कुलगुरुपदी प्रेमलीलाबाईच होत्या. तिथे गृहविज्ञानात वस्त्रांचे शिक्षण घेतलेल्या कितीतरी मुली पुढे शिक्षिका झाल्या, काहींनी स्वतःची दुकाने थाटली. पुण्यात मुलींच्या शिवणकामाला प्रतिष्ठा मिळाली त्यात या वाटेचा वाटा मोठा आहे.

पुढची हकिगत सर्वांना ठाऊक आहे. १९८६ मध्ये दिल्लीत निफ्ट ही फॅशन शिकवणारी राष्ट्रीय संस्था निघाली, १९९५ मध्ये मुंबईत आली. मग आमच्या नगर रस्त्याला, विमाननगरला खासगी संस्थांच्या पाट्या लागल्या. १ जानेवारी २००५ ला कपड्यांच्या निर्यातीचा कोटा उठला आणि कारखान्यांची गणिते बदलली. प्रवेश परीक्षा, फी, प्लेसमेंट यांवर इतरांनी भरपूर लिहिले आहे. मी त्यात शिरत नाही.

मला सांगायचे आहे ते लक्ष्मीनगर, नागपूर चाळ, जयप्रकाशनगर इथल्या टेलरच्या दुकानांबद्दल. पोरगे शिकायला आले की मास्तर त्याला लगेच मशीनवर बसवत नसत. काज-बटण, हूक, तुरपाई, आणि त्याच्याही आधी उसवणे. माझ्या वर्गात मी हीच रीत चालवली. नव्या मुलीच्या हातात अंगाला चोख बसणारा एखादा जुना ब्लाउज द्यायचा. ब्लेडने एकेक टाका सोडवायचा, कापडाला धक्का लागता कामा नये. सुटे झालेले तुकडे इस्तरी करून खाकी कागदावर मांडायचे. मग दिसू लागते: पुढचा मुंढा पाठीच्या मुंढ्यापेक्षा खोल कापलाय, कारण माणसाचा हात पुढे येतो. बाहीचा माथा मुंढ्याच्या घेरापेक्षा किंचित जास्त आहे आणि ती जास्तीची लांबी मास्तरांनी चुणी न पडू देता जिरवली आहे. कटोरी उरेब कापली आहे, म्हणून गोलाईवर ताण न येता बसते. बगलेत दोन्हीकडे माया सोडली आहे, कारण बाईचे अंग बदलते आणि ब्लाउज वर्षानुवर्षे चालायला हवा. फॅशनच्या वहीत उंच मानेच्या, हातभर पायांच्या बाईचे चित्र काढताना यातले काहीच कळत नाही.

त्यानंतर दादरच्या झारापकरांचे कटिंगचे पुस्तक उघडायचे. छातीचा चौथा भाग, बारावा भाग ही गणिते तोपर्यंत हाताने पाहिलेली असतात, म्हणून घोकावी लागत नाहीत.

अल्टरच्या कामाला नवशिके नाक मुरडतात. मी म्हणते, पहिले वर्ष त्यातच काढा. कल्याणीनगरात घेतलेला महागाचा ड्रेस खांद्यात उतरला की नागपूर चाळीतल्या मशीनवर येतो. तो उघडला की मोठ्या कंपनीने अस्तर कुठे वाचवले, शिवण कशी दाबली, साखळी कशी बसवली, सगळे पाहायला मिळते. शिवाय गिऱ्हाईक समोर उभे असते. एक खांदा खाली असलेली बाई, पाठीला बाक आलेली आजी, नुकती बाळंत झालेली सून. ही अंगे कुठल्याही साइज चार्टमध्ये सापडत नाहीत.

‘हे शिंपीकाम झाले, फॅशन नव्हे,’ असे काही जाणकार मला ऐकवतात आणि वेशभूषाकार भानू अथैयांचे नाव पुढे करतात. कोल्हापूरच्या भानूताई मुंबईच्या जेजे कला महाविद्यालयात चित्रकला शिकल्या, ‘ईव्हज वीकली’त फॅशनची चित्रे काढत होत्या, हे खरेच. पण त्या साप्ताहिकाच्या संपादिकेने बुटीक काढले आणि त्यांना कपडे करायला सांगितले, तिथून त्यांची कारकीर्द वळली. चित्र अंगावर चढले तेव्हा कुठे सिनेमावाले त्यांच्याकडे आले. १९५६ च्या ‘सीआयडी’पासून १९८३ च्या ऑस्करपर्यंतचा प्रवास कापडाच्या अभ्यासाने झाला. ज्या ‘गांधी’ चित्रपटाने ते ऑस्कर दिले त्याचे काही चित्रीकरण आमच्या आगाखान पॅलेसमध्ये झाले. त्यातले सुती धोतर आणि जाडीभरडी खादी पुन्हा पाहा, आणि मग सांगा की ते पेन्सिलीने साधले.

आज ही दुकाने एकेक करून बंद पडत आहेत. ताणून बसणारे तयार ब्लाउज आले. मास्तरांची मुले मोटारसायकलवरून पार्सले पोचवतात. दोष मी त्या मुलांना देत नाही. मला राग येतो तो संस्थांचा. एका संस्थेत परीक्षक म्हणून गेले होते. शेवटच्या वर्षाचे कपडे मांडलेले होते, दिसायला सुरेख. आतली शिवण उलटून पाहिली आणि हात ओळखीचा वाटला. सगळे बाहेरच्या टेलरकडून शिवून आणलेले. कार्डावर विद्यार्थ्यांची नावे होती, शिवणाऱ्याचे कुठेच नव्हते. त्या दिवशीचा संताप अजून गेलेला नाही.

यंदा सुरुवात करणाऱ्यांनी औंधच्या आयटीआयची चौकशी करावी. शिवण तंत्रज्ञानाचा कोर्स वर्षभराचा असतो. ज्यांचा हात आधीच बसला आहे त्यांच्यासाठी २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे. तिच्या अठरा कामांत शिंपीकाम येते, प्रशिक्षण मिळते, अवजारांसाठी १५,००० रुपये आणि पहिल्या टप्प्यात पाच टक्क्यांनी एक लाखापर्यंत कर्ज मिळते. त्या पैशांत वापरलेले पण नीट चालणारे जुकीचे मशीन घ्या, ओव्हरलॉकचे नंतर. निफ्टला जायचे असेल तर जरूर जा, पण शिवलेला एक कपडा बरोबर न्या आणि तो उलटा करून दाखवा.

संस्थांकडे माझी मागणी जुनीच आहे. पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने सहा महिने वस्तीतल्या दुकानात बसावे, त्याचे गुण धरावेत आणि शिकवणाऱ्या मास्तरांना संस्थेने मानधन द्यावे. अभ्यासक्रमाच्या बैठकीत मी हे मांडले होते. तेव्हा पुढच्या विषयाकडे वळा म्हणाले. येत्या बैठकीत पुन्हा मांडणार आहे, आणि या खेपेला नागपूर चाळीतले दोन मास्तर माझ्याबरोबर असतील.