पनवेलचे ‘बेथ-एल’

सिडकोने १९७० नंतर खाडीपलीकडे आखून वसविलेल्या नवी मुंबईच्या नावातच नवेपणा असला, तरी तिला लागून असलेले पनवेल हे पुरातन बंदर व बाजारपेठ होय; आणि याच गावात बेने इस्राएल समाजाने १८४९ साली बांधलेले ‘बेथ-एल’, अर्थात ‘देवाचे घर’, हे यहुदी प्रार्थनामंदिर आहे.

पूर्वजांचे गलबत अलिबागजवळच्या नवगावी फुटले, अशी परंपरागत श्रद्धा बाळगणारा हा समाज कोकणात तेलाचे घाणे चालवून राहिला. शनिवारी मात्र त्याचा घाणा बंद असे, म्हणून शेजारीपाजारी त्याला ‘शनवार तेली’ म्हणत. मंदिरावाचून गेलेल्या त्या दीर्घ काळात सुंता, ‘शेमा’ ही प्रार्थना आणि हा बंद घाणा, अशा मोजक्या आचारांवर त्याने आपला धर्म तगविला. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीतील समाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत समाजाचे पहिले मंदिर उभारले, आणि अर्ध्या शतकाने अलिबागमागोमाग पनवेलचीही पाळी आली.

अशा मंदिराचा कारभार मुकादमाकडे, जमाखर्च गबाईकडे आणि प्रार्थना हज्जानकडे असे. म्हणजे दफ्तरी फारसी व हिब्रू हे शब्द मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडी एकत्र नांदत. जेरुसलेमच्या दिशेस, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेस, ‘हेखाल’ नावाचे पवित्र कपाट असते. त्यात चर्मपत्रावर हाताने लिहिलेल्या ‘सेफेर तोरा’ या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या जपलेल्या असतात. त्यांतील एखादे अक्षर जरी पुसले, तरी दुरुस्तीवाचून ती गुंडाळी वाचनास चालत नाही. २६ जुलै २००५ च्या महापुराचे पाणी पनवेलच्या या मंदिरात शिरले व त्या गुंडाळ्यांची हानी झाली, तेव्हा समाजाला काय वाटले असेल, हे यावरून उमजावे. कारण निरुपयोगी झालेला तोरा टाकून देत नाहीत, माणसाप्रमाणे त्याचे दफन करतात.

१९४८ मध्ये इस्राएल स्थापन झाल्यावर पुष्कळ कुटुंबे इस्राएलला गेली; परंतु पनवेलकर, दिवेकर ही गावांची आडनावे त्यांच्याबरोबर गेली, आणि नवस फेडताना एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने हिब्रू प्रार्थना म्हणून वाटला जाणारा मलिदा आजही भिजविलेले पोहे, ओले खोबरे, साखर व वेलदोडा यांचाच असतो. नवी मुंबईत गावोगावहून येऊन, आडनावातला ‘कर’ तेवढा जपून राहिलेल्या आम्हा सर्वांना हे देवाचे घर परके वाटू नये.