पिनाटुबोचे थेंब

दोस्तांनो, भात शिजत असताना पातेल्यावरचं झाकण हळूच उचलून बघा. (आईला विचारून हं, वाफ भाजते!) आतून बारीक बारीक थेंब जमलेले दिसतील. दोन थेंब भेटले की एक मोठा थेंब होतो, आणि जड झाला की घरंगळतो.

असाच खेळ एकदा जमिनीपासून वीस-पंचवीस किलोमीटर उंचीवर चालला होता. फक्त ते थेंब होते गंधकाम्लाचे, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिडचे!

१५ जून १९९१ रोजी फिलिपाइन्समधला पिनाटुबो ज्वालामुखी फुटला. राख लवकरच खाली बसली. पण दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साइड वायू थेट स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरात, जाऊन पोचला. तिथे पाऊस नाही, त्यामुळे धुऊन निघायची सोयच नाही. काही आठवड्यांत या वायूचं आम्ल झालं. आम्ल मोठं तहानलेलं! त्याने तिथली जेमतेम वाफही शोषली आणि इवले थेंब तयार झाले. आणखी आम्ल ओढत, एकमेकांवर आपटून एक होत ते वाढले. वाढून किती झाले? मिलिमीटरचे दोन हजार भाग करा, त्यातला साधारण एक! पण संख्या अफाट. त्यांनी इतकं ऊन परतवलं की १९९२ साली पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्धा अंश उतरलं.

चिंतेची गोष्ट वेगळीच होती. त्याच थरात सूर्याचे अतिनील किरण अडवणारा ओझोन असतो. आणि तिथेच जुन्या फ्रिजमधल्या, स्प्रेच्या डब्यांमधल्या सीएफसी वायूंतून आलेला क्लोरीनही होता. एरवी नायट्रोजनची काही संयुगं या क्लोरीनला धरून ठेवतात. पण थेंबांच्या पृष्ठभागावर त्या संयुगांचं नायट्रिक आम्ल होऊन गेलं. पहारेकरीच गायब! क्लोरीन मोकाट सुटला आणि १९९२-९३ मध्ये ओझोन बराच घटला.

म्हणजे थेंबांनी ओझोन खाल्ला नाही. त्यांनी फक्त जागा दिली. खाणारा क्लोरीन माणसानेच वर धाडलेला होता. सीएफसीचा शोध लागण्याआधी हाच ज्वालामुखी फुटला असता, तर ओझोनचं असं नुकसान झालं नसतं.

पिनाटुबोचे थेंब दोन-तीन वर्षांत घरंगळत खाली आले. क्लोरीन मात्र अजून वर आहे. १९८७ च्या माँट्रियल करारामुळे तो कमी होतोय, पण फार सावकाश.