डिफरन्शियल व त्याचे कुलूप : रचना, बसवणी व वापर

पावसाळ्याच्या आरंभी रानात गेलेला ट्रॅक्टर किंवा जीप चिखलात अडकली म्हणजे एक चमत्कारिक देखावा दृष्टीस पडतो. चिखलातील चाक भराभरा फिरत राहते, आणि त्याच आसावरील दुसरे चाक, ज्याच्या खाली घट्ट जमीन आहे ते, जागचे हलत नाही. इंजिनात जोर असतो, एका चाकास टेकूही असतो, तथापि गाडी पुढे सरकत नाही. ह्याचे कारण मागील आसाच्या मध्यभागी जो फुगीर डबा असतो, त्यातील डिफरन्शियल नावाच्या दंतचक्रांच्या रचनेत आहे. तिच्यावरचा उपाय म्हणजे डिफरन्शियलचे कुलूप, ज्यास कारागीर ‘डिफरन्शियल लॉक’ किंवा ‘लॉकर’ म्हणतात. ते काय करते, गाडीत कसे बसवितात, आणि कोणत्या प्रसंगी त्यास हात लावू नये, ह्याचा विचार ह्या लेखात केला आहे.

डिफरन्शियल कशासाठी?

बैलगाडीची दोन्ही चाके कण्यावर मोकळी फिरतात. सबब वळणावर प्रत्येक चाक आपापल्यापुरते फिरते. यंत्रावर चालणाऱ्या गाडीत मात्र आसानेच चाकांना फिरवावयाचे असते. ट्रॅक्टरच्या मागील चाकांमधील अंतर १.४ मीटर धरले, तर बांधाशी अर्धा फेरा घेऊन परतताना बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे ४.४ मीटर अधिक चालते. वळण लहान घ्या की मोठे घ्या, हा फरक तेवढाच राहतो. कारण तो फक्त चाकांमधील अंतरावर अवलंबून आहे. सव्वा मीटर व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे ४ मीटर असतो. म्हणजे प्रत्येक वळणावर बाहेरच्या चाकास एक पूर्ण फेरा जास्त घ्यावा लागतो. दोन्ही चाके एकाच अखंड आसावर पक्की असती, तर एक चाक जमिनीवर घासत गेले असते आणि आसास पीळ पडला असता.

ही अडचण दूर करणारी रचना फ्रान्समधील घड्याळकार ओनेसिफोर पेकर ह्यांनी वाफेच्या गाडीकरिता शोधून १८२८ साली तिचे पेटंट घेतले. आजच्या गाड्यांतही मूळ तत्त्व तेच आहे. इंजिनाकडून आलेला दांडा पिनियन नावाच्या लहान दंतचक्रास फिरवितो; पिनियन क्राऊन नावाच्या मोठ्या चक्रास फिरविते; आणि क्राऊन ज्या पेटीस जखडलेले असते, तिच्या पोटात आडव्या खिळीवर लहान चक्रे बसविलेली असतात. ही लहान चक्रे डाव्या व उजव्या आसाच्या टोकांवरील चक्रांमध्ये गुंतलेली असतात. गाडी सरळ जात असता सर्व पेटी एकजीव फिरते. वळणावर लहान चक्रे स्वतःभोवती फिरून एका बाजूचे कमी झालेले फेरे दुसऱ्या बाजूस देतात.

आता ह्या रचनेतील उणीव पाहू. लहान चक्र हे तराजूच्या दांडीप्रमाणे आहे. ते दोन्ही बाजूंस नेहमी सारखाच रेटा देते. चिखलातील चाक ५० किलोंपेक्षा जास्त रेटा घेऊ शकत नसेल, तर घट्ट जमिनीवरील चाकासही ५० किलोच मिळतात; मग ते ५०० किलो घेण्यास समर्थ का असेना. एकूण ओढ १०० किलो झाली. कुलूप लावून दोन्ही आस एकमेकांस बांधले, की हीच ओढ ५५० किलोंपर्यंत जाते. कुलूप इंजिनाची शक्ती वाढवीत नाही. जी शक्ती एका चाकाच्या दुर्बलतेमुळे वाया जात होती, ती उपयोगास आणते, इतकेच.

कुलपाचे प्रकार

आपल्याकडील बहुतेक ट्रॅक्टरांत कुलूप कारखान्यातूनच आलेले असते व ते पायाच्या पट्टीने लागते. सबब ट्रॅक्टरच्या मालकास ते नव्याने बसविण्याचे कारण पडत नाही. पट्टी, तिचा स्प्रिंग व सांधे मोकळे आहेत की नाहीत, एवढे मोसमापूर्वी पाहावे म्हणजे झाले. जीपच्या जातीच्या गाड्यांत तीन प्रकार आढळतात. पहिला, मर्यादित घसरणीचा : ह्यात तबकड्यांच्या घर्षणाने रेट्याचा काही भाग दुसऱ्या चाकाकडे जातो, परंतु एक चाक अधांतरी झाले तर त्याचा फारसा उपयोग नाही. दुसरा, आपोआप लागणारा : हा घसरण होताच लागतो, पण रस्त्यावर वळताना खटखट करतो. तिसरा, चालकाच्या इच्छेने लागणारा : हा दाबलेल्या हवेने, विजेने किंवा तारेने लावतात. पुण्याजवळील आकुर्डीच्या फोर्स मोटर्सच्या गुरखा गाडीत पुढील व मागील दोन्ही आसांना असे कुलूप कारखान्यातूनच मिळते. शेतावरील जुन्या जीपला बसवावयाचे तर हा तिसरा प्रकार सर्वांत चांगला.

काही ठिकाणी कारागीर पेटीतील लहान चक्रेच वेल्डिंग करून टाकतात. हे कुलूप नव्हे, कायमची बेडी होय. अशी गाडी रस्त्यावर वळताना टायर झिजविते, आस मोडते व चालकाच्या हातून निसटू शकते. हा मार्ग कोणी पत्करू नये.

दातांचे प्रमाण

पेटी उघडलीच आहे तर क्राऊन व पिनियनचे प्रमाणही तपासून घ्यावे. पिनियनला ९ व क्राऊनला ३७ दात असतील, तर प्रमाण ४.११ झाले. मूळच्या २८ इंची टायरांऐवजी ३१ इंची टायर घातले, तर गाडी तेवढ्या प्रमाणात जड ओढू लागते. ४.११ ला ३१ ने गुणून २८ ने भागले असता ४.५५ येतात, म्हणजे ९ व ४१ दातांची जोडी घेतली असता गाडी पूर्ववत ओढील. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढील व मागील आसाचे प्रमाण एकच पाहिजे. नाही तर दोन्ही आस एकमेकांविरुद्ध ओढून मधली दंतपेटी फोडतील. तसेच काही आसांत ठराविक प्रमाणापलीकडे पेटीची जाडी बदलते. म्हणून लॉकर विकत घेण्यापूर्वी तो आपल्या आसास व आपल्या प्रमाणास जुळतो, ह्याची खात्री करावी.

बसवणीचा क्रम

१. गाडी सपाट व कठीण जागी उभी करून पुढील चाकांस ठोकळे लावावे. मागील बाजू भक्कम घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या आधारावर गाडीखाली कधीही शिरू नये. तेल काढून त्यात धातूचा चुरा आहे काय ते पाहावे.

२. दोन्ही आस बाहेर ओढून पेटीच्या बेअरिंगांवरील टोप्या सोडाव्या. सोडण्यापूर्वी डाव्या-उजव्या टोपीवर व हाउसिंगवर खूण करावी. ह्या टोप्या हाउसिंगबरोबरच छेदून तयार केलेल्या असतात. त्यांची अदलाबदल केल्यास बेअरिंग वाकडे बसते.

३. जुनी पेटी काढताना प्रत्येक बाजूच्या शिमा, म्हणजे जाडी भरून काढणाऱ्या पातळ कड्या, वेगळ्या ठेवून त्यांची जाडी लिहून ठेवावी. नव्या जुळणीचा आरंभ ह्याच मापांपासून होतो.

४. क्राऊन व पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीने तयार होतात. जोडीतील एकच नग कधीही बदलू नये. क्राऊन लॉकरच्या पेटीवर बसविताना दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ पुसून, नवे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, मापाच्या पान्याने आवळावे.

५. नंतर पिनियनची खोली ठरवावी. ती पिनियनच्या मागील शिमांनी कमी-अधिक होते. मग पिनियनच्या बेअरिंगांवर थोडा पूर्वताण द्यावा. तो मोजण्याचे विशेष यंत्र नसल्यास स्प्रिंगच्या काट्याने काम भागते. पिनियनच्या फ्लँजभोवती दोरी गुंडाळून काट्याने सावकाश ओढावी. निर्मात्याने २० इंच-पौंड सांगितले असतील व फ्लँजची त्रिज्या २ इंच असेल, तर फिरत असता काट्याने १० पौंड दाखविले पाहिजेत.

६. आता पेटी बसवून क्राऊन व पिनियनच्या दातांमधील मोकळीक मोजावी. जीपच्या जातीच्या आसांत ती बहुधा ६ ते १० हजारांश इंच, म्हणजे सुमारे ०.१५ ते ०.२५ मिलिमीटर असते. निर्मात्याचा आकडा असेल तर तोच प्रमाण मानावा. डायल गेजने क्राऊनच्या तीन-चार जागी ती पाहावी. मोकळीक जास्त असेल तर एका बाजूची शिम काढून दुसऱ्या बाजूस घालून क्राऊन पिनियनकडे सरकवावे. कमी असेल तर उलट करावे.

७. शेवटची परीक्षा दातांवरील ठशाची. क्राऊनच्या काही दातांना खुणेचा पिवळा रंग लावून, क्राऊनला थोडा अडथळा देत पिनियन दोन्ही दिशांनी फिरवावे. ठसा दाताच्या माथ्याकडे आला तर पिनियन दूर आहे, ते आत घ्यावे. मुळाशी खोल आला तर ते फार जवळ आहे, बाहेर घ्यावे. ठसा दाताच्या आतील अरुंद टोकाकडे गेला तर मोकळीक वाढवावी, बाहेरील रुंद टोकाकडे गेला तर कमी करावी. पिनियन हलविले की मोकळीक पुन्हा मोजलीच पाहिजे. ठसा मध्यावर येईपर्यंत चार-पाच वेळा उघडझाक करावी लागली तरी कंटाळू नये. ह्या कामात घाई करणाराची गाडी प्रथम गुणगुणते, मग रडू लागते, आणि शेवटी दात टाकते.

८. हवेचा लॉकर असल्यास हाउसिंगला भोक पाडून नळी आत न्यावी लागते. भोक पेटी बसविण्यापूर्वीच पाडून लोखंडाचा कीस पूर्णपणे काढावा. नळी क्राऊनला घासणार नाही अशी वळवावी, आणि जोडांस साबणाचे पाणी लावून हवा गळते काय ते पाहावे.

९. झाकण बसवून निर्मात्याने सांगितलेल्या जातीचे दंतचक्रांचे तेल भरावे व श्वासनळी साफ करावी. श्वासनळी बुजली म्हणजे ओढ्यातून जाताना गरम आस एकदम थंड होऊन सीलमधून पाणी आत ओढतो.

काम झाल्यावर दोन्ही मागील चाके अधांतरी असता इंजिन बंद ठेवून गाडी गिअरमध्ये टाकावी. कुलूप मोकळे असता एक चाक हाताने फिरविले तर दुसरे उलट फिरते. कुलूप लावले असता दोन्ही जागची हलत नाहीत. नवी दंतजोडी असल्यास आरंभी पंधरा-वीस मिनिटे हलकी चालवून थंड होऊ द्यावी, काही दिवस ओझे ओढू नये, आणि सुमारे ८०० किलोमीटरनंतर तेल बदलावे.

गाडीत असा फेरफार केल्याने नोंदणीपत्रातील तपशिलात फरक पडता कामा नये, असे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते. म्हणून काम हाती घेण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करणे शहाणपणाचे होय.

वापर व धोके

कुलूप अडकल्यावर नव्हे, अडचणीच्या जागी शिरण्यापूर्वी, गाडी उभी असता किंवा अगदी मंद चालत असता लावावे. एक चाक जोराने फिरत असता लावल्यास कुलपाचे दात किंवा आस तुटतो. लावल्यावर सरळ चालावे आणि वळण्यापूर्वी काढावे. ट्रॅक्टरचे कुलूप पट्टी सोडूनही सुटले नाही, तर क्लच दाबून आसावरील ताण कमी करावा. पक्क्या रस्त्यावर ते कधीही लावू नये. आडव्या उतारावर दोन्ही चाके एकदम घसरून गाडी खाली सरकू शकते, हेही ध्यानात ठेवावे.

सर्वांत मोठा धोका ट्रॅक्टरच्या बाबतीत आहे. दोन्ही मागील चाके खड्ड्यात रुतून फिरेनाशी झाली, किंवा चाक बाहेर यावे म्हणून त्यापुढे लाकूड बांधले, आणि मग कुलूप लावून जोर दिला, तर चाके फिरत नसल्यामुळे ट्रॅक्टरच आसाभोवती फिरतो. त्याचे तोंड वर उचलले जाऊन तो पाहता पाहता चालकाच्या अंगावर उलथतो. पाय क्लचवर नेण्यासही अवसर मिळत नाही. असा ट्रॅक्टर स्वतःच्या जोराने काढू नये. चाकापुढील माती खणून, शक्य तर मागे घेऊन, किंवा दुसऱ्या ट्रॅक्टरने सावकाश ओढून काढावा. साखळी बांधावयाची ती खालच्या ओढदांड्यास. आसाच्या वर कधीही नाही.

खर्चाचा विचार करता लॉकर ही पहिली नव्हे, शेवटची पायरी होय. झिजलेले टायर, वाजवीपेक्षा जास्त हवा व वजनाची कमतरता ह्या तीन कारणांनीच पुष्कळ गाड्या अडकतात. ती आधी दूर करावी. काळ्या रानात वाफसा येण्यापूर्वी यंत्र घातले, तर कुलपाने ते पार होईल खरे, पण जमीन दडपून पुढील पिकाचे नुकसान होईल. ज्यांस घाटाची वाट, ओढ्याची उतरण किंवा लाल मातीचा चढ रोजचाच आहे, त्यांनी मात्र हा खर्च अवश्य करावा. गावात अशा चार-पाच गाड्या असल्यास डायल गेज व मापाचा पाना सर्वांनी मिळून घ्यावा. त्यांची किंमत बिघडलेल्या एका दंतजोडीहून खास कमी भरेल.