निपचित मुलाचे दुखणे ओळखताना

कर्करोगाच्या वॉर्डात चार वर्षांचा मुलगा भिंतीकडे तोंड करून पडलेला आहे. रडत नाही, हट्ट करत नाही. पाहणाऱ्याला वाटते, आज जरा बरा दिसतोय. बालकांच्या उपशामक सेवेचे, म्हणजेच पॅलिएटिव्ह केअरचे प्रशिक्षण घेतलेली परिचारिका मात्र नेमकी इथेच थबकते. दुखणे फार दिवस चालले की मूल रडणे सोडून देते. हलले की दुखते, एवढे त्याला कळून चुकलेले असते.

ही सेवा फक्त अखेरच्या दिवसांसाठी, असा समज घराघरांत आहे. प्रत्यक्षात गंभीर आजाराचे निदान झाल्यापासून, मूळ उपचारांच्या जोडीनेच ती सुरू व्हायला हवी. आणि तिची पहिली पायरी म्हणजे दुखणे मोजणे.

बोलता न येणाऱ्या मुलांसाठी 'फ्लॅक' ही मोजपट्टी वापरतात. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत काढल्यावर शांत होणे या पाच गोष्टींना प्रत्येकी 0 ते 2 गुण, एकूण 10. पण ही पट्टी मुळात शस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेसाठी तयार झाली. महिनोन्महिने दुखणे सोसणाऱ्या निपचित मुलाला तिच्यावर कमी गुण मिळू शकतात! म्हणून आईला विचारायचे, "एरवी हा कसा असतो? आज काय वेगळं वाटतंय?" बोलणाऱ्या मुलाचीही तऱ्हा असते. 'दुखतंय' म्हटले तर सुई टोचतील, या भीतीने ते दुखणे लपवते.

तीव्र वेदनेवर मॉर्फिन हे मुलांसाठीही मान्य औषध आहे. मात्रा वजनावर ठरते आणि दुखण्याची वाट न पाहता घड्याळ पाहून औषध द्यायचे असते. "सिस्टर, सवय लागेल ना याला?" हा प्रश्न ठरलेला. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी औषध घेणे वेगळे आणि व्यसन वेगळे, हे परिचारिकेला न कंटाळता समजवावे लागते. बद्धकोष्ठतेचे औषधही सोबतच सुरू करायचे. घरी पातळ औषध चमच्याने अंदाजे न देता बिनसुईच्या सिरिंजने मोजून कसे द्यायचे, हे आईकडून करवून घ्यायचे. नुसते सांगून भागत नाही.

याहून अवघड काम बोलण्याचे. "मी मरणार का?" असे मुलाने विचारले, तर "वेडा कुठला, असं बोलू नये" हे उत्तर तोंडावर येतेच. ते आवरण्याचा सराव प्रशिक्षणात करून घेतात. एक परिचारिका मूल होते, दुसरी उत्तर देते, बाकीच्या पाहतात. हसू येते, मग कुणाचे तरी डोळे भरतात. आधी शेजारी बसायचे आणि विचारायचे, "तुला असं का वाटलं?" कधी कारण असते शेजारची रिकामी झालेली खाट. कधी मुलाला एवढेच जाणून घ्यायचे असते, की रात्री आई जवळ असेल ना.