घरातला मधुमेह : भाग ५ – न दुखणारी जखम

मागच्या भागात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा ‘लॅन्सेट’मध्ये २००४ साली छापून आलेला फोटो आठवला होता. उंची आणि वजनाच्या हिशेबात दोघे अगदी सारखे, दोघांचाही निर्देशांक २२.३. तरी युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. ‘आमचा माणूस काडीसारखा, त्याला कुठली शुगर’ हे बोलणं आता सोडून द्यायला हवं, एवढं त्यावरून कळलं. आज पुढचं पाहू. घरात कुणाची तरी शुगर निघाली आहे. बाकीच्यांनी काय करायचं?

बहुतेक घरांत पहारा सुरू होतो. चहातली साखर बंद होते, लाडवाचा डबा वरच्या फळीवर जातो आणि लग्नाच्या पंगतीत चारचौघांत ‘तुम्हाला चालत नाही ना?’ असं विचारलं जातं. त्या माणसाला अपमान वाटतो, मग तो चोरून खातो. गोड कमी करायला हवंच. पण ज्वारीची भाकरी म्हणजे औषध असं समजून चार भाकरी खाल्ल्या, तर त्यांचीही साखरच होते. आणि माझ्या मते घरच्यांचं खरं काम निराळंच आहे. हा आजार माणसाची धोका ओळखण्याची शक्तीच हळूहळू काढून घेतो. जे त्याला स्वतःला कळत नाही, ते त्याच्यासाठी दुसऱ्या कुणीतरी पाहावं लागतं.

पायांचंच घ्या. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की बारीक नसा खराब होतात. सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात तिथून होते. आधी मुंग्या येतात, रात्री तळपाय जळजळतात आणि मग एक दिवस ती जळजळ थांबते. माणसाला वाटतं, बरं वाटू लागलं. खरं तर तिथली जाणीवच गेलेली असते. पायातली चप्पल वाटेत निसटून मागे राहिली तरी पत्ता लागत नाही. त्यात पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतात, त्यामुळे जखम भरायला उशीर लागतो आणि जंतूंना मोकळं रान मिळतं.

आता हा पाय हिंगोली जिल्ह्यातल्या शेतात आणून पाहा. सोयाबीन कापल्यावर जमिनीत उभी राहिलेली धसकटं पातळ चप्पल सहज फोडतात. बांधावर बाभळीचा काटा असतो. उन्हाळ्याच्या तोंडावर हळद शिजवायची लगबग असते, तेव्हा आजूबाजूला उकळतं पाणी आणि तापलेलं लोखंड असतं. ज्याच्या पायाला जाणीव आहे तो काटा मोडताच मटकन खाली बसतो आणि काढून टाकतो. ज्याची जाणीव गेली आहे तो तसाच संध्याकाळपर्यंत चालतो. चौथ्या-पाचव्या दिवशी मोज्याला किंवा अंथरुणाला डाग दिसतो, वास येतो, तेव्हा घरात कळतं.

न दुखणं किती घातक असतं, हे वैद्यकशास्त्राला भारतातच एका डॉक्टरांनी दाखवून दिलं. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरोग्यांवर उपचार करू लागले. कुष्ठरोगात बोटं आपोआप गळतात असा समज होता. ब्रँड यांच्या लक्षात आलं की नसा मेल्यामुळे रोग्याला दुखत नाही. तो जखमी हातपाय तसेच वापरत राहतो आणि त्यातून बोटं जातात. काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे होत. शोध घेतला तेव्हा कळलं, झोपेत उंदीर कुरतडत होते आणि रुग्णांना जाग येत नव्हती. त्यावर रुग्णांना मांजर पाळायला सांगितलं गेलं. पुढे अमेरिकेत काम करताना ब्रँड यांनी हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी वापरलं. कुष्ठरोग्यांना दिली जाणारी मऊ एमसीआर रबराची चप्पल आज शुगरवाल्यांनाही सांगतात, त्यामागे हाच विचार आहे. ज्या घरात धान्याची पोती रचलेली असतात तिथे उंदीर असतातच. जाणीव गेलेल्या माणसाला जमिनीवर अंथरूण टाकून झोपवू नये, त्याला खाट किंवा पलंग द्यावा.

म्हणून रोज संध्याकाळी पाय धुऊन झाले की दोन्ही तळवे कुणीतरी नीट पाहावेत. बोटांच्या बेचक्या, टाचेच्या भेगा, फोड, काळी-निळी पडलेली जागा, एका ठिकाणी जास्त गरम लागणारी कातडी. सुनेला सासऱ्यांच्या पायाला हात लावायची सवय असते ती नमस्कारापुरती. तळवा उलटून बघायचा दोघांनाही संकोच वाटतो. अशा घरात हे काम नातवाकडे द्यावं. त्याची नजर चांगली असते आणि आजोबांना त्याचा राग येत नाही. अंघोळीच्या पाण्यात आधी दुसऱ्याने हात घालून पाहावा, कारण या पायांना चटका कळत नाही. शेकोटीवर किंवा गरम विटेने पाय शेकणं पूर्ण बंद. कुरूप घरी ब्लेडने कापू नये.

जखम दिसलीच तर? आपल्या जिल्ह्यात हात आधी हळदीच्या डब्याकडे जातो. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन आहे, तिचा अभिमान मलाही आहे. पण शुगरवाल्याच्या पायाच्या जखमेत हळद दाबून भरू नका. वर पपडी धरते, खाली पू साचत जातो आणि डॉक्टरांना जखमेची खोली दिसत नाही. स्वच्छ पाण्याने धुवा, कोरडं स्वच्छ फडकं बांधा, त्या पायावर चालणं थांबवा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत दवाखाना गाठा. ‘दुखत नाही, बघू’ या शब्दांनी इथे फार पाय घालवले आहेत.

नवसाबद्दलही बोलायलाच हवं. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहणारे, श्रावणात औंढ्याच्या नागनाथाला पायी जाणारे, शेगावची पालखी जिल्ह्यातून जाताना तिच्यासोबत चालणारे आपल्या घरोघरी आहेत. त्या श्रद्धेचा मला आदर आहे. ज्याच्या पायाची जाणीव गेली आहे त्याने चालावं, पण चप्पल घालून. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ‘देव रागावत नाही’ एवढं म्हटलं की त्याच्या मनावरचं ओझं उतरतं.

दुसरा न कळणारा धोका म्हणजे साखर एकदम उतरणं. ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना तो जास्त असतो. सकाळी चहासोबत गोळी घेतली, न्याहारी राहिली, खुरपायला गेले आणि जेवण पोचलं दोन वाजता. काम साखर खाली आणतं, गोळीही आणते, पोटात काही नाही. घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते. साखर ७० मिलीग्रॅमच्या खाली गेली की उपचार तातडीने करायचा. बरीच वर्षं शुगर असलेल्यांना कधीकधी ही लक्षणंही जाणवत नाहीत. माणूस थेट बरळतो, चिडतो, झोकांड्या खातो. लोक म्हणतात प्यायला आहे, नाहीतर बाहेरचं काही झालं. शुगरवाला माणूस असा वागला तर पहिली शंका साखरेची घ्या. मशीन असेल तर तपासा, नसेल तर थांबू नका. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. भाकरी, बिस्किट उशिरा काम करतात. पंधरा मिनिटांत फरक पडला नाही तर तेवढीच साखर पुन्हा द्या, मग जेवण. शुद्ध हरपली असेल तर तोंडात थेंबही घालू नका. कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. या गोळ्यांचा असर बराच वेळ टिकतो, साखर परत उतरू शकते. म्हणून बरं वाटलं तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. एकादशी असो की महाशिवरात्र, उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं हे आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे. तोही सुरुवातीला दुखत-खुपत नाही. घरात एकाला निघाला की तिशी ओलांडलेल्या भावंडांनी आरोग्य उपकेंद्रात तपासून घ्यावं. तिथे ही तपासणी मोफत होते.

डोळ्यांच्या पडद्याचंही असंच, नजर चांगली असतानाच आत रक्तस्राव सुरू झालेला असू शकतो. वर्षातून एकदा पडदा तपासून घ्यावा. त्यासाठी डोळ्यांत थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि पुढचे काही तास अंधुक दिसतं. सेनगाव किंवा कळमनुरीहून एसटीने हिंगोलीला यायचं असेल तर एकट्याला पाठवू नका, सोबत जा.

पुढच्या भागात : उन्हाळ्यात वीज नसताना इन्सुलिन कसं सांभाळावं.